न बांधलेल्या इमारतीची सावली

इमारतीला सावली नव्हती, आणि हे फक्त मास्तरांच्याच लक्षात आलं.

गाव संपून माळ सुरू होतो तिथे पत्र्याचं कुंपण पडलं होतं आणि कुंपणावर घरांच्या छपरांहून उंच असा एक रंगीत फलक लागला होता. फलकावर एकतीस मजल्यांची इमारत. एक नाही, अशा सात. त्यांच्या पायाशी तळं, तळ्यात बदकं, काठावर हसरं कुटुंब आणि त्या कुटुंबाचं हसरं कुत्रं. अख्खा गाव जाता-येता मान वर करून "बाप रे" म्हणायचा आणि आपल्या कामाला जायचा. मास्तर मात्र थांबले. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. चित्रकला म्हणजे गणिताचा धडा मागे पडला की ज्याचा तास हक्काने पळवायचा तो विषय. त्यामुळे मास्तरांच्या स्वाभिमानाला एक जुनी ठेच लागलेली होती, आणि ती ठसठसली की त्यांना जगातल्या चुका दिसू लागत.

"बदकांना सावली आहे," मास्तर पुटपुटले. "कुत्र्याला आहे. त्या पोरीच्या फुग्यालासुद्धा आहे. आणि एकतीस मजल्यांना नाही?"

ते खरं तर बायकोच्या बोटांसाठी मलम आणायला निघाले होते.

बाईंची बोटं सकाळी उठल्यावर मिटलेली असायची. सांध्यांचं दुखणं. गोळ्या झाल्या, शेक झाला, मलमाच्या नळ्या तर खिडकीत रांगेने उभ्या होत्या; पण खरा गुण यायचा तो मागच्या अंगणातल्या उन्हाने. त्या अंगणाला एका अंगाला शेजाऱ्यांची उंच भिंत आणि दुसऱ्या अंगाला स्वतःचंच घर, त्यामुळे ऊन यायचं उशिरा आणि जायचं लवकर. आधी ते भिंतीवरून डोकवायचं. मग जरा थबकायचं, आत येऊ की नको असं. मग हळूच उतरून पायरीवर टेकायचं, माहेरी आलेल्या लेकीसारखं, एक डोळा परतीच्या वाटेवर ठेवून. तेवढ्या वेळात बाई पायरीवर बसायच्या, हात मांडीत, तळवे वर. आणि बोटं उघडू लागायची. करंगळी आधी, अंगठा सगळ्यात शेवटी. मग त्या केस विंचरायच्या, बटणं लावायच्या, दिवसभर लागणाऱ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवायच्या. हातांचा सगळा संसार तेवढ्या उन्हात उरकायचा. मास्तर आतल्या खिडकीतून रोज बघायचे. इतकी वर्षं झाली, तरी करंगळी उघडताना त्यांचा श्वास अडकायचा. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच नाही.

फलकासमोर उभं राहून त्यांनी इमारतीकडे बघितलं, मग सूर्याकडे, मग आपल्या घराच्या दिशेने. आणि मागच्या अंगणातली पायरी त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेले गृहस्थ हेच इमारतविरोधी समितीचे अध्यक्ष होते. समितीचं काम जोरात चालू होतं. म्हणजे नावात 'बचाव' असावं की 'संघर्ष' यावरून दोन गट पडून एका गटाने चहाला येणं बंद केलं होतं. मधल्या वेळात समितीने हरकतीचा अर्जही केला होता. तो परत आला होता. हरकत घ्यायची तर माणूस प्रकल्पाच्या हद्दीतला हवा, असा नियम. आणि गाव हद्दीच्या बाहेर. कुंपणाच्या आत कायमचे राहणारे म्हणजे फक्त सरडे.

"म्हणजे मास्तर, आपण बाधितच नाही," अध्यक्ष मलमाची नळी पुढे सरकवत म्हणाले. "कचेरीतला कारकून मला विचारतो, इमारत तिथे, तुम्ही इथे, तुम्हाला काय झालं? मला तिथे उत्तरच सुचेना. घरी आल्यावर सुचलं."

"काय सुचलं?"

"शिव्या."

"सावली," मास्तर म्हणाले.

"काय?"

"इमारत हद्दीत राहील हो. तिची सावली राहायची नाही."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवून मास्तरांकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघितलं. "पुढच्या आठवड्यात साहेब जागा बघायला येताहेत. सकाळी नऊला. असं करा, तोवर त्या फलकावर तेवढी सावली काढून टाका. तुमचा हात चांगला आहे. साहेबांना दिसेल तरी."

एवढंच काम होतं. काळ्या रंगाचा एक डबा, एक रुंद ब्रश आणि लाँड्रीवाल्याची शिडी. कुणीही अर्ध्या दिवसात उरकलं असतं. पण मास्तर शिडी घेऊन निघाले हे बघताच गल्लीत जेवढी माणसं मोकळी होती तेवढ्यांना शिडीविषयी मत आलं. कुणी म्हणालं पाय खाली दगडावर टेकवा, कुणी म्हणालं दगडावर मुळीच नको. सलूनवाला अर्धवट दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून बाहेर आला आणि त्याच्या एका दूरच्या काकांचं शिडीवर काय झालं ते त्याने मास्तरांना चालता चालता पुरतं ऐकवलं. त्यात काकांपेक्षा शिडीचं जास्त नुकसान झालं होतं.

"तुम्ही कशाला येताय?" मास्तरांनी लाँड्रीवाल्याला विचारलं.

"शिडी माझी आहे," तो म्हणाला. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाला, "आणि कपडे उन्हात वाळतात, मास्तर. माझं दुकान म्हणजे काय, एक इस्त्री आणि बाकी सगळं ऊन."

फलकापाशी रखवालदार आडवा आला. मास्तरांनी आपण कोण, इमारतीत कोणती चूक आहे आणि ती दुरुस्त करणं हे कसं शैक्षणिक काम आहे हे समजावून सांगितलं. रखवालदार सज्जन होता. दिवसभर त्या फलकाशिवाय त्याच्याशी कुणी बोलायला नव्हतं.

"काढा," तो म्हणाला. "पण फलकाच्या चौकटीत काढा. चौकटीबाहेर गेलेलं मला माहीत नाही."

मास्तर शिडीवर चढले. फलकात ऊन डावीकडून येत होतं, म्हणजे सावली उजवीकडे. त्यांनी पहिल्या इमारतीच्या पायापासून रेघ ओढली. ती तळ्यावरून गेली, बदकांवरून गेली, हसऱ्या कुटुंबाच्या छातीवरून गेली, आणि फलक संपला. सावली संपली नव्हती.

"अजून किती आहे?" खालून शिडी धरलेल्या लाँड्रीवाल्याने विचारलं.

मास्तरांनी मनातल्या मनात प्रमाण धरलं. मग ते फलकाच्या कडेवरून पलीकडे बघू लागले. पलीकडे रस्ता होता, रस्त्यापलीकडे गाव होतं, गावाची छपरं सकाळच्या उन्हात निवांत पडली होती. मास्तरांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"मास्तर? चक्कर येतेय का?"

"ही फलकात मावत नाही," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "ही गावात मावली तरी पुष्कळ झालं."

तर अशा रीतीने सावली फलकातून खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एक सरळ काठी घेतली आणि सकाळी नऊच्या ठोक्याला ती मैदानात उभी केली. काठीची सावली किती पट लांब पडते ते मोजलं. पहिल्या इमारतीच्या जागी, अगदी कुंपणालगत, लाल फडक्याची खुंटी रोवलेली होतीच. इमारतीची उंची लोकांना कळावी म्हणून लाँड्रीवाल्याची कपडे वाळवायची दोरी मागवली, मजल्यागणिक तिला एकेक चिमटा लावला, आणि ती खुंटीपासून रस्त्यावर आडवी पसरली. एकतीस चिमटे. बघायला जमलेली माणसं दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि मागे वळून बघू लागली. फलकावर इमारत बघणं वेगळं आणि तिच्या अंगावरून चालत जाणं वेगळं. एक म्हातारे गृहस्थ दहाव्या चिमट्यापाशी दम खायला बसले. "मी इथेच राहीन," ते म्हणाले, "वर जाववत नाही."

मग चुन्याची फक्की आली, आणि मास्तरांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी रेघ ओढायला घेतली. नऊ वाजताची सावली. खुंटीपासून निघून ती रस्ता ओलांडून गावात शिरली, भिंतींवर चढली, कौलांवरून, पत्र्यांवरून, पाण्याच्या टाकीवरून पलीकडे उतरली. रोज थोडं थोडं करून दोन्ही कडा आखल्या. टाकीवर चढून बघणारे खाली येऊन सांगू लागले की गावावर कुणीतरी झोपलंय.

इथवर ठीक होतं. पण अध्यक्षांनी चहाच्या टपरीवर उत्साहाच्या भरात एक वाक्य टाकलं, की ज्याच्या घरावर रेघ तोच बाधित, आणि साहेबांपुढे बोलायचा मान त्याचाच. त्या संध्याकाळपासून मास्तरांच्या दाराशी रांग लागली. कालपर्यंत इमारत नको म्हणणाऱ्या माणसांना आज सावली हवी होती.

"माझ्या दुकानावर अर्धीच आलीय," सलूनवाला म्हणाला. "एका खुर्चीवर सावली, दुसरीवर नाही. गिऱ्हाइकं भांडतील, मास्तर. एक तर पूर्ण द्या, नाहीतर राहू द्या."

एकाच भिंतीला लागून राहणाऱ्या दोन भावांपैकी धाकटा आला. "सावलीतही थोरल्यालाच झुकतं माप? आई होती तोवर सहन केलं."

"अरे, सूर्य पाडतोय ती," मास्तर म्हणाले. "मी नाही."

"चुना तर तुमच्या हातात होता."

मास्तरांनी ठणकावून सांगितलं की रेघ म्हणजे रेघ, ती वशिल्याने वाकत नाही. हे सांगताना त्यांना फार बरं वाटलं. शाळेत त्यांच्या रेघेसाठी कुणी कधी भांडलं नव्हतं. पण बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण तेवढ्यात धाकटे मेव्हणे आले. म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा, गावातच राहायचा, आणि त्याच पहिल्या इमारतीत सव्वीसाव्या मजल्यावर त्याने घर नोंदवलेलं होतं. त्या दिवसापासून तो जमिनीवर जरा अंतर राखूनच चालत असे.

"भावोजी, कमाल आहे तुमची," तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "अख्ख्या गावावर इमारत पाडलीत, आणि स्वतःचं घर तेवढं बरोबर कोरडं ठेवलंत!"

रांगेतल्या सगळ्यांच्या माना मास्तरांच्या घराकडे वळल्या. खरंच होतं. रेघ मास्तरांच्या घराच्या बाजूने, चांगली एक गल्ली सोडून गेली होती.

मास्तरांना हे ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी रेघ घर सोडून निघून गेली तेव्हा फक्कीची पाटी खाली ठेवून ते भिंतीला टेकले होते. वाचलं. अंगणातलं ऊन वाचलं. मग लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली, कारण रेघेच्या आत लाँड्रीवाल्याच्या दोऱ्या होत्या आणि त्याने अजून एका शब्दाने तक्रार केली नव्हती. आता माघार घ्यायची सोय नव्हती. आपलं काही जात नसताना माणसाला जेवढं नेटाने भांडावं लागतं, तेवढं आपलं जात असताना लागत नाही.

"अहो, तुम्ही ज्याच्यासाठी हे सगळं करताय ते तर सुटलं म्हणे," रात्री जेवताना बाई म्हणाल्या.

"कशासाठी करतोय?" मास्तर चपापले. "सार्वजनिक काम आहे."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि मिटल्या बोटांनी त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला. "खिडकीची काच पुसत जा अधूनमधून. नाकाचे ठसे उमटतात."

साहेब यायचे त्या दिवशी गाव आठलाच रेघेवर उभा होता. नऊ वाजले. खरी काठी, खरी सावली आणि चुन्याची रेघ एका दिशेला अशा काही जुळल्या की अध्यक्षांच्या अंगावर काटा आला. फक्त साहेब नव्हते. नऊला येणारे साहेब नऊला येत नसतात हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. मास्तरांना नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य घंटेवर गेलं होतं.

गाडी आली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. साहेब बारीक अंगाचे, शांत, कुणावर न ओरडणारे. असा माणूस समोर आला की समितीची सगळी तयारी वाया जाते. त्यांनी अध्यक्षांचं भाषण सुरू होण्याआधीच हात वर केला, रेघेच्या कडेने थोडं चालून आले, टाकीकडे बघितलं, छपरांकडे बघितलं, आणि "हे कुणी काढलं?" असं विचारलं. मास्तर पुढे झाले. साहेबांनी खिशातलं पेन काढून जमिनीवर उभं धरलं.

"माझ्या पेनाची सावली इकडे पडतेय," ते अगदी सौम्यपणे म्हणाले. "तुमच्या इमारतीची तिकडे. दोन्हींना ऊन एकच आहे ना?"

कुणीतरी हसलं. मास्तरांनी पेनाकडे आणि मग रेघेकडे बघितलं.

या चुकीला कारण होतं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं नसतं. मास्तरांच्या चित्रकलेत ऊन डावीकडून यायचं. मडकं असो, पेरू असो, पाठ्यपुस्तकांची चवड असो. सकाळचा तास असो की दुपारचा, ऊन डावीकडून आणि सावली उजवीकडे. हजारो मुलांना त्यांनी तसंच शिकवलं, आणि मुलांच्या वह्यांमध्ये सूर्य इतकी वर्षं बिचारा एका जागी उभा राहिला. रोज सकाळी अंगणातलं ऊन सरकताना डोळ्यांनी बघणारा हा माणूस. पण ते बघताना तो बायकोच्या बोटांकडे बघत असे, उन्हाकडे नव्हे. कागदावर रेघ ओढली की ती तिथेच राहते, हे हाताला इतकं पक्कं ठाऊक होतं की डोक्याला विचारायची वेळच आली नाही.

"ही नऊची आहे," मास्तर कसंबसं म्हणाले. "तुम्ही नऊला येणार होता."

"म्हणजे उशीर माझा," साहेब म्हणाले. "पण मी आत्ताची परिस्थिती नोंदवणार. आत्ता इथे सावली नाही, साधा चुना आहे."

अध्यक्षांनी खाली बघितलं. मेव्हण्याने वर, सव्वीसाव्या मजल्याच्या जागी बघितलं. तेवढ्यात लाँड्रीवाला म्हणाला, "मग सरकवू की."

"चुना कसा सरकवणार, बाबा?" अध्यक्षांनी विचारलं.

"चुना कशाला? दोरी सरकते."

तो पळत जाऊन चिमट्यांची दोरी घेऊन आला, तिला पुढे आणखी एक दोरी जोडली. एक टोक खुंटीपाशी. काठी मैदानात उभी. काठीची सावली ज्या दिशेला, दोरी त्या दिशेला. काठीची सावली जेवढी, दोरी त्या मापाने तेवढी. दोरी धरायला माणसं कमी पडली तेव्हा अध्यक्षांनी गट न बघता सगळ्यांना बोलावलं, चहाला न येणारेही आले. भाऊ-भाऊ शेजारी उभे राहिले. मेव्हणा "मला काय करायचंय" म्हणत म्हणत मध्ये कुठेतरी दोरीला हात लावून उभा राहिला. मास्तरांनी काठीकडे डोळे लावले आणि आवाज दिला, "सरका!"

आणि सावली चालू लागली.

खुंटीपाशी सलूनवाला होता. त्याला जागचं हलायचंच नव्हतं, त्यामुळे तो सगळ्यांना चालायचं कसं ते सांगत होता. टोकाकडच्या मंडळींना मात्र पळ काढावा लागे, कारण इकडे बोटभर सरकलं की तिकडे अख्खं अंगण पार करावं लागायचं. दोरी घरांच्या दारातून आत शिरली, खिडकीतून बाहेर निघाली. एका स्वयंपाकघरात बाईने कढईवर झाकण ठेवून दोरी डोक्यावरून पलीकडे दिली. एका मोरीतून "थांबा, थांबा, मी आत आहे!" अशी आरोळी आली, आणि अध्यक्ष बाहेरून ओरडले, "इमारत थांबायची नाही, पंचा गुंडाळा!" ऊन चढेल तशी सावली आखूड होई, आणि लाँड्रीवाला जादा दोरी कोपराभोवती गुंडाळत टोकाला चाले. छपरांवर चढलेल्या बायकांनी पावलाचा मेळ बसावा म्हणून तोंडाला येईल ते गायला घेतलं:

"हाती दोरी, पायी वाट, सरक बाई सरक,
ऊन कुठलं, साउली कुठली, सांग बाई फरक."

हसणं होतं, ओरडणं होतं. मग हळूहळू ते विरत गेलं. कुणी गप्प बसा म्हणालं नाही. पण एवढी माणसं एका दोरीला धरून सूर्याच्या चालीने चालू लागली की आवाज कुठे राहतो? ज्याच्या दारावरून दोरी गेली तो दारात उभा राहून बघे. आता इथे अंधारलं असतं. आता या तुळशीवर. आता या पाळण्यावर. जो तो फक्त दोरी पुढे देत होता. मैदानातल्या काठीपाशी मास्तरांना वाटलं, आपण काठी धरलेली नाही, कसल्यातरी प्रचंड जनावराच्या नाकातली वेसण धरली आहे, आणि ते आपल्याला ओळखत नाही.

साहेब दोरीच्या बरोबरीने चालत होते. पेन त्यांनी केव्हाच खिशात ठेवलं होतं.

मग मास्तरांनी मान वर केली आणि दोरी कुठे निघाली आहे ते बघितलं. ती त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होती.

"मास्तर, सरकू?" छपरावरून आवाज आला.

मास्तरांनी काठी सलूनवाल्याने पाठवलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिली, जे अजूनही अर्ध्याच दाढीचं होतं, आणि ते घराकडे धावले. निवृत्त माणूस धावतो तसे, म्हणजे हात जास्त आणि पाय कमी.

मागच्या अंगणात बाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांची ती वेळच होती. भिंतीवरून ऊन नुकतंच उतरून पायरीवर टेकलं होतं. हात मांडीत, तळवे वर. दोन्ही करंगळ्या उघडल्या होत्या, शेजारचं बोट उघडायच्या बेतात होतं. आणि त्याच वेळी शेजाऱ्यांच्या भिंतीवर पन्नासेक माणसं दोरी घेऊन प्रकट झाली.

दोरी भिंतीवरच थांबली. पुढे कुणी देईना.

"वहिनी," लाँड्रीवाला अवघडून म्हणाला, "जरा उठता का? दोरी इथून जायचीय."

"मी उठून काय होणार?" बाई म्हणाल्या. "इमारत आली की ती म्हणणार आहे का, वहिनी उठा? आणा इकडे."

मग दोरी भिंतीवरून खाली आली, जास्वंदीवरून, बादलीवरून, आणि बाईंच्या उघड्या तळव्यांवर येऊन विसावली. ऊन होतं तिथेच होतं. तरी अंगणात उतरलेल्या प्रत्येकाला क्षणभर थंडी वाजल्यासारखं झालं.

"हिचं ऊन एवढंच असतं," मास्तर साहेबांना म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यांनी तो आधी कधी ऐकला नव्हता. "थोड्या वेळाने सूर्य आमच्याच छपरामागे जातो. इमारतीची सावली सरेपर्यंत ऊन गेलेलं असेल. मग हिची बोटं..." ते थांबले. "हिची बोटं उन्हातच उघडतात. मी रोज बघतो."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. पुष्कळ वर्षांत इतकं सरळ बघितलं नव्हतं.

मैदानातून अर्ध्या दाढीवाल्याची हाक आली, की काठीची सावली आता बरोबर काठीएवढी आहे. लाँड्रीवाल्याने शेवटची जादा दोरी सोडवून घेतली. म्हणजे आता जी उरली होती ती निव्वळ इमारत होती, जेवढ्यास तेवढी, गावात आडवी पडलेली. तेव्हा मेव्हणा दोरीला हात घासत घासत एकेक चिमटा मोजत गल्लीतून आत येत होता. घड्याळवाल्याची सवय, मोजल्याशिवाय राहवत नाही. "बावीस... तेवीस..." भिंतीवर चोवीस. जास्वंदीपाशी पंचवीस. मग तो थांबला. सव्वीसावा चिमटा त्याच्या बहिणीच्या मांडीत होता.

"भावोजी," तो म्हणाला, "हा... हा माझाच मजला का?"

मास्तरांनी मान डोलावली. सगळ्यांनी, साहेबांनीसुद्धा, एकदम वर बघितलं, जिथे सव्वीसावा मजला असायला हवा तिथे. तिथे काहीच नव्हतं. निळं, भलंमोठं, कुणाचंही नसलेलं आभाळ होतं, आणि एवढी माणसं तोंडं उघडी टाकून त्याच्याकडे बघत राहिली, जणू ते आजच टांगलं होतं.

"तू गॅलरीत उभा राहिलास ना," बाई भावाला म्हणाल्या, रागाने नव्हे, लहानपणी त्याचं नाक पुसताना बोलत असतील तशा, "की इथे माझ्या मांडीत येऊन बसशील. बरं झालं. एरवी येतोस कुठे?"

साहेबांनी खाकरून गळा साफ केला. "मी हे सगळं बघितलं," ते म्हणाले. "पण माझा नियम तोच आहे. हरकत हद्दीतल्या माणसाची लागते. तुम्हा कुणाची मला घेता येत नाही. खरंच येत नाही."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर घरी गेल्यावर सुचणाऱ्या गोष्टी इथेच सुचू लागल्याची चिन्हं दिसली. पण त्याआधी मेव्हणा पुढे झाला.

"मी आहे की हद्दीत," तो म्हणाला. "पहिली इमारत, सव्वीसावा मजला. घर नोंदवलेलं आहे माझं. घ्या माझी हरकत."

"कशाला हरकत?"

"माझ्या घराला."

साहेबांनी त्याच्याकडे, मग दोरीकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःच्याच घराविरुद्ध हरकत घेणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी पेन काढलं. "बाधेचं स्वरूप?" त्यांनी विचारलं, आणि मेव्हणा बहिणीच्या हातांकडे बघू लागला. साहेबांनीही तिकडेच बघितलं आणि काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते. "सुनावणी लावावी लागेल," शेवटी ते म्हणाले. "उंचीचा प्रश्न आहे हा. सगळ्यांची बाजू ऐकावी लागेल."

भिंतीवरून, छपरावरून, गल्लीतून एकच गलका उठला. अध्यक्षांनी मास्तरांना मिठी मारली, थोरल्याने धाकट्याला, आणि जे अजून बाहेर होते ते काय झालं ते बघायला अंगणात घुसले. मास्तर सगळ्यांना दोरीचं तत्त्व समजावून सांगू लागले, हातवारे करत, पहिल्यापासून.

"अहो," बाई म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. "अहो!"

सगळे वळले.

"इमारत व्हायची तेव्हा होईल, नाहीतर होणार नाही. आत्ता माझं ऊन तुम्ही अडवलंय."

मास्तर दचकून बाजूला झाले. त्यांच्यामागे साहेब झाले, मग अध्यक्ष, मग लाँड्रीवाला दोरी छातीशी धरून. भिंतीवरचे खाली वाकले, छपरावरचे मागे सरले. कुणीतरी फार मोठं येतंय म्हणून वाट द्यावी तसा सगळा गाव अंग चोरून भिंतींना टेकून उभा राहिला, आणि मधल्या मोकळ्या जागेतून ऊन पुन्हा पायरीवर आलं. बाईंनी तळवे वर केले.

करंगळीशेजारचं बोट उघडलं.